टोकाची जागा

"भावोजी, यंदा तुम्ही आमच्याकडून ओढा," म्हणत कुमुदताईंनी रस्सीचं टोक माझ्या हातात दिलं. महापालिकेच्या उन्हाळी महोत्सवात नवरे विरुद्ध बायका अशी रस्सीखेच असते. टोकाला दरवर्षी माझी बायको उभी राहायची. ती फेब्रुवारीत गेली. मी नुसता बघायला आलो होतो, पण एक बाई कमी म्हणून पंच सामनाच रद्द करायला निघाले होते.

"फितूर झालास रे?" समोरून नवरे ओरडले. "लुगडं तरी नेसून यायचं!"

मी टोक तिच्यासारखं कमरेला गुंडाळलं आणि टाचा मातीत रोवल्या. शिट्टी झाली. बायका किंचाळल्या, मीही किंचाळलो. बघता बघता नवरे एकमेकांवर कोसळले आणि आम्ही सगळे उताणे. कुमुदताई माझ्या पायांवर पडल्या होत्या. हसून हसून त्यांना उठता येईना, आणि मला तर हसू आवरेचना.

बक्षीस म्हणून प्रत्येकीला गजरा होता. माझ्यासमोर येऊन नगरसेविका थबकल्या.

"द्या की!" मी म्हणालो. "त्या जागेचा आहे तो."

गजरा मनगटाला बांधून मी नवऱ्यांसमोरून दोनदा मिरवत गेलो.