चेन्नईची फायनल

"एक कोटी चार लाख!" ट्रस्टच्या बाईंनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. "टेनिसमधली तुमची कमाई. इथं स्पष्ट लिहिलंय. आणि वडिलांच्या डायलिसिससाठी आमच्याकडे मदत मागता?"

"मॅडम, ती नुसती बक्षिसांची रक्कम आहे. विमान, हॉटेल, कोच यांचा खर्च त्यातून कोणी वजा करत नाही. बारा वर्षं खेळलो, तेव्हा आबांनी दुकान विकून तूट भरली. आता मी क्लबात लोकांच्या रॅकेटना नव्या तारा ओवून, गटिंग करून देतो."

बाई जरा विरघळल्या. बाजूला सारलेला अर्ज पुढे ओढून, पेन उघडून त्यांनी व्हीलचेअरवरच्या आबांकडे पाहिलं. "काय आजोबा, मुलाच्या हाती खरंच काही उरलं नाही?"

आबांची मान महिन्याभरात पहिल्यांदाच ताठ झाली. मुलाने घाईघाईने त्यांचा सुजलेला हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"माझं पोरगं काय भिकारी वाटलं तुम्हाला? आणि तुमचा आकडाही चुकलाय, बाई. चेन्नईची फायनल त्यात धरलेलीच नाही. एक कोटी अकरा लाख लिहा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.