काठोकाठ पियाला

ओयनिसाखालांचा हात बरा झाला. तूर्तास तो झालाच नाही असं धरू.

त्याआधी बोटं बधिर असायची. किटलीचा अंदाज चुकायचा, पियाला काठोकाठ भरायचा. फरगानाच्या त्या गल्लीत पाहुण्याला चहा अर्धाच देतात, म्हणजे पुन्हा ओतायच्या निमित्तानं बसवून घेता येतं. काठोकाठ पियाला म्हणजे प्या आणि निघा.

पाहुणे निघाले. विहीण तर न पिताच.

उरले शेजारचे विधुर तुरोब आका. ओठ कायम सुकलेले. भरला पियाला एका दमात रिकामा करायचे, लघवीला जाऊन यायचे, पुन्हा पुढे करायचे.

"आका, राग नाही येत?"

"हात आजारी आहे तुमचा, राग कसला आपा! ओता."

या माणसाला तरी मानानं चहा द्यावा, म्हणून खाला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी मान चाचपली.

"हात दाखवायला आले, पोरी. गळा का दाबतेस?"

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलीय, खाला. त्यानं मनगटात सूज येते, नस चेपते. गोळ्या घ्या, बोटं जागी होतील."

रुसून गेलेल्या एका शेजारणीनं हे ऐकलं. "ग्रंथी गळ्यात, नस मनगटात, आणि अपमान आमचा! वा!" ती आली नाहीच.

जर्दाळू पिकेपर्यंत बोटं जागी झाली. खालांनी नवा रुमाल डोक्याला बांधला, ठेवणीतला पियाला काढला आणि तुरोब आकांना अतिशय आदराचा चहा दिला. तळाशी दोन घोट.

आका पियाल्यात बघत राहिले.

"आपा, मला मधुमेह आहे. घसा सारखा जळतो. गावभर मान मिळतो, तहान भागत नाही. ती फक्त इथं भागायची."

"एवढंच ना!" खालांनी किटली उचलली. काठोकाठ ओतला. एक थेंब सांडला नाही.

आकांचा चेहरा पडला.

"आजारी हातचा भरलेला पियाला पिऊन बसता येतं, आपा. बऱ्या हातचा पिऊन बसलो, तर गल्ली मला काय म्हणेल?"

प्यायले आणि निघाले. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात खालांचा एक अर्ज आला: 'माझी मोकळी झालेली नस पूर्ववत चेपून मिळावी, आणि ती पुन्हा कधीही बरी होणार नाही असा शिक्क्याचा दाखला तुरोब आकांच्या नावे देण्यात यावा, ही नम्र विनंती.'