फोटोतला हात

जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनने फोटो बदलला होता. सकाळच्या फोटोत उघडा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि जळक्या भागावर बोट टेकवलेला त्याचा हात. आताच्या फोटोत हात नव्हता. त्याने तो फोटोतून कापून टाकला होता, आणि हाताबरोबर बिघाडाची जागाही गेली होती. खाली एवढंच लिहिलं होतं, "आता स्पष्ट दिसत असेल. उत्तर मिळालं की मी निघतो."

ती दादाच्या दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांचा हा ऑनलाइन मंच दादाने काढला, आणि तिथली भांडणं निस्तरायचं मॉडरेटरचं काम धाकट्या बहिणीच्या गळ्यात घातलं. एरवी ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. सुट्टीच्या दिवशी माणसांचे, असं दादा म्हणायचा. तो पलीकडच्या टेबलापाशी एका जुन्या रेडिओत डोकं घालून बसला होता. खोलीभर सोल्डरिंगच्या राळेच्या धुराचा वास होता.

भांडण पेटलं ते स्पीकरवाल्यामुळे. मंचावरचा जुना माणूस, अडल्यानडल्याला धावून येणारा. त्याने सकाळच्या फोटोखाली लिहिलं होतं, "यात तार कुठली आणि हात कुठला? आधी दिवा लाव, काळू." त्यावर हसरे चेहरे पडले. मग कुणीतरी विचारलं, हे काय बोलणं झालं? तिथून जो तो बाह्या सरसावून आला. कातडीच्या रंगावरून माणसाला हिणवणं हा सरळसरळ वंशद्वेष आहे, असं काहींचं म्हणणं. हल्ली साध्या चेष्टेचीही चोरी झालीय, असं बाकीच्यांचं. अ‍ॅम्प्लिफायर राहिला बाजूला.

तिने स्पीकरवाल्याचं वाक्य काढून टाकलं. मंचाची रीत अशी की मजकूर गुपचूप नाहीसा करायचा नाही; रिकाम्या जागी कारण लिहायचं. तिने लिहिलं, "माणसाला त्याच्या रंगावरून हाक मारली आहे, म्हणून काढले."

स्पीकरवाल्याचं उत्तर लगेच आलं. "ताई, तुमचे दादा तुम्हाला इथेच, चारचौघांत, काळू म्हणतात. त्यांचा तो लाड आणि माझी ती शिवी? की नियम फक्त घराबाहेरच्यांना?"

आता सगळे तिच्याकडे बघत होते, हे पडद्याच्या अलीकडूनही कळत होतं.

तिने तो शब्द शोधायला टाकला. वर एकटा स्पीकरवाला, आणि खाली पानंच्या पानं दादा. काळू, याला जरा समजावून सांग. आमच्या काळूला विचारा. काळू, किती वेळ बसशील, जेवायला ये.

ती खुर्चीत सरळ बसली. नमुना घरचा आहे म्हणून चाचणी बदलत नाही.

"दादा, तुझीही वाक्यं काढतेय मी."

दादाला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. स्पीकरवाला आगाऊ आहे, त्याला हाकलून दे आणि मोकळी हो, असं तो म्हणाला. त्याचं बोलणं कुठं आणि आपलं कुठं. तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनची हाक आहे ती, सगळ्या मंचाला माहीत आहे.

"माहीत आहे, म्हणूनच त्याने ती उचलली."

"अगं, पण तुला कधी लागलं का ते?"

प्रयोगशाळेतही घाईने आकडा सांगायची तिला सवय नव्हती.

"हे तू आज पहिल्यांदा विचारतोयस, दादा."

दादाने चष्मा परत नाकावर घेतला. रेडिओतला एक स्क्रू उगाच काढला आणि पुन्हा लावला.

"मग काय म्हणायचं तुला? बाईसाहेब?"

"नाव आहे की मला."

तिने कामाला सुरुवात केली. सगळं एका फटक्यात पुसता आलं असतं, पण मग कारण लिहायला जागा उरली नसती. म्हणून एकेक वाक्य काढायचं आणि तिथे तेच शब्द ठेवायचे, स्पीकरवाल्याला दिले तेच. एकही कमीजास्त नाही. 'जेवायला ये'पाशी तिचा हात अडला. ते वाक्य तिने एकदा वाचलं. मग तेही काढलं.

शेवटी स्पीकरवाल्याला लिहिलं, "नियम घरालाही आहे. खात्री करून घ्या."

बऱ्याच वेळाने त्याचा एकच शब्द आला. "बघितलं."

इलेक्ट्रिशियनला तिने लिहिलं, "हात नसलेल्या फोटोवरून बिघाड कळत नाही. पहिला फोटो पुन्हा टाकावा." आर्जव नाही, सांत्वन नाही. मग हात मांडीवर ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली.

दादाने आयर्न पुन्हा हातात घेतलं नव्हतं. रेडिओ तसाच उघडा पडला होता. लॅपटॉप टिंग करून वाजला तेव्हा तोच आधी उठला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"ए का..." एवढं म्हणून तो थांबला. मग शाळेत हजेरी घेताना घेतात तसं, अडखळत, त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं.

"जरा मोठा करून दाखव बरं."

तिने परत आलेला सकाळचा फोटो मोठा केला. नखात काजळी होती. बोट बरोबर जळक्या जागी टेकलेलं होतं.