पहिला गिअर

म्हसा रोडला निघणारी शेतातली वाट अडवून गॅरेजवाला हेमंत उभा राहिला. समोर थोरला भाऊ नामदेव, त्याच्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षात.

"सरक, नायतर अंगावर घालीन."

"घाल."

नामदेवची बायको जयश्री मागून हुड धरून रिक्षा खेचत होती. "नका ओ, तुमचाच भाऊ हाय तो."

नामदेवने स्टार्टरचा दांडा हिसकला. इंजिनने उलटा झटका मारला, निळा धूर ओकला आणि ते सुरू झालं. त्याने गिअर टाकला, रेस पिळली, क्लच सोडला. रिक्षा सुसाट मागे गेली. जयश्री मागच्या आंब्याच्या खोडावर चिरडली.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी लिहून घेतलं, रिव्हर्स टाकून बायकोला मारलं.

"रिव्हर्स नव्हता सायेब," हेमंत म्हणाला. "टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. झटका बसला की कधी कधी इंजिन उलटं फिरतं. आवाज तोच येतो, पण पुढच्या गिअरवर गाडी मागं जाते."

"म्हणजे याचा गुन्हा नाही?"

हेमंतने भावाकडे पाहिलं.

"वयनीला नव्हतं मारायचं त्याला. गिअर पहिलाच होता. माझ्यासाठी टाकलेला."