तल्लख डोकं

बाबा रोज सकाळी मोबाइलवर गणिताची कोडी सोडवत. "डोक्याला गंज चढू द्यायचा नाही," असं माहेरी आलेल्या लेकीलाही बजावत. आईची साधी बेरीज चुकली की मात्र, "हिच्या डोक्याचा आनंदच आहे!" म्हणून खो-खो हसत.

आज आई स्वयंपाकघरातच चक्कर येऊन कोसळली. लेकीने धावतपळत तिला दवाखान्यात आणलं. बाबाही आले आणि बाकावर बसून मोबाइलवर सकाळचं अर्धवट राहिलेलं कोडं सोडवू लागले.

डॉक्टर घाईघाईने बाहेर आले. "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? कुठलं औषध सोसत नाही?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. मानसुद्धा वर न करता ते म्हणाले,

 

"ते सगळं तिच्याच लक्षात असतं. शुद्धीवर आली की तिलाच विचारा."