डुलक्या

बाबांचा डावा पाय हवेतच थांबला. ठोका काही येईना. तोल जायला लागला तसं त्यांनी टेबल धरलं, आणि मग कुठे कॉम्प्युटरनं सावकाश 'टक्' केलं.

"बघ. इतका वेग कमी केला, तरी पाऊल जुळत नाही," ते लेकीला म्हणाले. "काठीच बरी आता."

काठी आणून कोपऱ्यात ठेवलेलीही होती.

अर्धांगाच्या झटक्यानंतर पावलं तालात पडावीत म्हणून हा ठोक्यांचा प्रोग्राम लेकीनंच लिहिला होता. फोनवर बाबा म्हणायचे, जुळत नाही. ती म्हणायची, अजून थोडा कमी करा. आज पहिल्यांदा ती समोर बसून बघत होती. पाऊल मागे पडतच नव्हतं. ते केव्हाचं पुढे येऊन ठोक्याची वाट बघत होतं.

तिनं खुर्ची ओढली. दोन ठोक्यांच्या मध्ये प्रोग्राम बारक्या बारक्या डुलक्या घ्यायचा, म्हणजे क्षणभर थांबायचा, आणि त्या मोजून वेळ ओळखायचा. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर डुलकी सांगितली तेवढीच व्हायची. बाबांचा कॉम्प्युटर दुसऱ्या जातीचा. डुलकीसाठी वापरलेली तयार कोडची लायब्ररी दोन्हीकडे चालते म्हणून तिनं डोळे मिटून विश्वास ठेवलेला. इथे मात्र प्रत्येक डुलकी चांगली दीडपट लांबत होती.

आईनं मटार सोलता सोलता विचारलं, झालंय तरी काय? लेकीनं सांगितलं, की याला जरा पड म्हटलं तर हा चक्क ताणून देतो.

"सांगितल्या वेळेला उठणारं या घरात आहे कोण?" आई म्हणाली आणि मटार घेऊन आत गेली.

लेकीनं डुलक्या मोजणं काढून टाकलं. जाग आली की आधी घड्याळ बघायचं, एवढंच ठेवलं. वेग पुन्हा पहिल्याइतका केला.

"पाय शहाणाच होता, बाबा. पेंगत होता तो हा."

बाबांनी पाय उचलला. टक्. पाऊल पडलं. टक्. दुसरं पडलं. टेबल सुटलं, कोपरा मागे गेला, दार आलं. दारापासून वळून परत यायचं, असा रोजचा नेम होता.

थोड्या वेळानं आतून झाकण उचलल्याचा आवाज आला, पाठोपाठ आईचा: "अहो, हात भाजेल. आणि तुम्ही इथवर आलात कसे?"

बाबा नसलेल्या खोलीत कॉम्प्युटर इमानेइतबारे ठोके देत राहिला. लेकीनं तो बंद केला नाही.