खुर्चीमागचा हात

आमचं घर सुधारकांचं. मुलगी झाली की तिला खुर्चीत बसवून, मांडीवर पुस्तक ठेवून फोटो काढायचा, ही पणजोबांपासूनची रीत.

भिंतीवर तिघी आहेत: नवऱ्याची आत्याआजी, त्याची आत्या, माझी नणंद. पहिल्या फोटोत खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात दिसतो. दुसऱ्यात तो खांद्यावर, तिसऱ्यात मनगटावर. तिघींपैकी एकीचाही दुसरा फोटो नाही.

"नको काढूस गं," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, आपल्या घरात अंधश्रद्धा? पणजोबा फ्रेममधून उतरतील हं!" नवरा हसला.

आज लेकीचा फोटो निघाला. त्यात हात नव्हता. मी हुश्श केलं आणि तिला निजवून लिहायला बसले.

मागे पावलं वाजली. अजून रांगतही नसलेली माझी लेक, एक हात वर धरून, हसत हसत दाराकडे चालली होती.